कांदा निवडणाऱ्या यंत्राची वाटणी

मी, सुमनबाई जयराम खैरनार, वय ६९, राहणार अंबड, नाशिक, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. शरीर थकले आहे. डोके ठिकाणावर आहे, आणि तेच आता सोसत नाही.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. ते थोरली सून निकिता हर्षल खैरनार हिला द्यावे. तिने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच. नातलगांनी यात तोंड घालू नये. माझा थोरला हर्षल गेला तेव्हा "फार हुशारी नडली" म्हणत ते चहा पीत होते, हे मी विसरलेले नाही.

२. लेथ, ड्रिल आणि सगळी हत्यारे आमचा जुना फिटर फकिरा याला. यजमान गेल्यावर वर्कशॉप मी चालवले ते त्याच्या जोरावर.

३. कांद्याचे यंत्र. वरून चांगला पण आतून सडलेला कांदा न कापता ओळखणारे यंत्र हर्षलने उभे केले. वर्कशॉपमध्ये ते चुकत नव्हते. धाकटा धनराज गावोगाव फिरला. शेतकरी म्हणाले, कांदा साठवायच्या चाळीपाशी विजेचा भरवसा नाही, ट्रॅक्टरवर चालणारे द्या. त्याने हर्षलला न विचारताच होकार दिला. हर्षल मात्र कांद्याच्या चाळीत एकदाही गेला नव्हता. दोघांचे निरोप मी ताटावर बसल्या बसल्या इकडून तिकडे करायची.

नांदगावला लोक जमवून यंत्र ट्रॅक्टरला जोडून लावले. ट्रॅक्टरच्या हादऱ्याने कॅमेरे हलले, काचेवर धूळ बसली आणि चांगला कांदा सडक्यात पडू लागला. नवसाबाई नावाच्या शेतकरणीने त्यातला एक बुक्कीने फोडला.

"आरं, हा तर लय चांगला हाय! तुमच्या यंत्राला दिसत नाय का?"

सगळे हसले. घरी येऊन धनराज ओरडला, "दादा, तू बनवलंस ते कुणी मागितलंच नव्हतं!"

"आणि तू विकलंस ते मी बनवलंच नव्हतं," हर्षल म्हणाला.

दोघेही खरे बोलत होते. त्यानंतर ते एकमेकांशी बोलले नाहीत. पुढे एका सकाळी हर्षल कोणाला न सांगता मोटारसायकलवर चाळी बघायला निघाला. येवल्याच्या रस्त्यावर ट्रकने उडवले.

यंत्र भंगारात घालावे. आठवण म्हणून कोणी ठेवू नये.

४. वर्कशॉपचा गाळा धनराजला. तो पुण्यात दुसऱ्यांची यंत्रे विकतो, माझा फोन उचलत नाही. त्याने भावाला मारले नाही, हे मला त्याला सांगायचे होते. तोंड उघडले की दुसरेच निघायचे.

५. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, हयात असेल त्याचंच नाव लिहा." मी ऐकले नाही. माझे मुलगे : हर्षल आणि धनराज. यातले एकही नाव खोडू नये.

सही : सुमनबाई जयराम खैरनार

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार :
बहिरू दगू गांगुर्डे, ओझर
मनीषा समाधान निकम, अंबड

नाशिक, १२ फेब्रुवारी २०२५