क्लबाचा हुरडा

आई, तुम्हाला आई म्हणायचं हे तुम्हीच ठरवलं होतं. आमच्या झरी गावात सासूला आत्याबाई म्हणतात, पण ते क्लबात बरं दिसत नाही, असं तुम्ही माझी हळद उतरायच्या आत सांगितलंत. परभणीतल्या तुमच्या घरात काय बरं दिसतं नि काय दिसत नाही, हे सगळं त्या टेनिस क्लबावरून ठरायचं. टेनिस खेळणारे तिथं दोन-चार वकील. बाकीचे पांढरे कपडे घालून पत्ते कुटायचे. एका कोर्टाची जाळी फाटलेली, दुसऱ्या कोर्टावर बायकांच्या खुर्च्या मांडलेल्या. तरी दसरा जवळ आला की तुमच्या अंगात वारं शिरायचं, कारण दसऱ्यापासून होळीपर्यंत क्लबाचा सीझन. सोनं वाटणं, कोजागिरीचं दूध, फराळ, मॅचेस, तंबोला. दर कार्यक्रमाची यजमानीण वेगळी, आणि प्रत्येक जणी आधीच्या बाईला मागे टाकायला टपलेली. खेळाच्या नावानं खरी चुरस होती ती एवढीच.

पहिल्या दसऱ्याला तुम्ही मला कॅनव्हासचे पांढरे बूट घेतलेत. मला खेळायचं नव्हतं, साडीवर ते घालून कोर्टाच्या कडेला नुसतं बसायचं होतं. एका डॉक्टरांच्या बायकोनं विचारलं, "आवडला का क्लब?" मी म्हणाले, "लय छान हाय." सगळ्या हसल्या, त्यांच्याबरोबर तुम्हीही. घरी मी कणीक मळत होते, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणालात, "तोंड उघडायच्या आधी विचार करत जा. तिथं आपली काही इज्जत आहे." इज्जत! पत्ते कुटणाऱ्यांनी दिलेली, आणि त्यांच्याच मर्जीवर टिकणारी.

आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यात तुमच्या वाट्याला हुरडा पार्टी आली. मामंजींची वकिली होती, शेत नव्हतं. तुम्ही माझ्या वडिलांना निरोप धाडलात, की रविवारी क्लबाची मंडळी येतील. आबा हरखून गेले. विहीणबाई पहिल्यांदाच शेतावर येणार! त्यांनी बांध झाडून घेतले, आगटी खणली, गोवऱ्या रचल्या. माझ्या आईनं तिळाची आणि लसणाची चटणी कुटली. आणि तुमची ती मोठी माणसं आली ती जीप उभ्या ज्वारीत घालूनच. चाकांखाली ज्वारीची धाटं मोडताना करकर वाजत होती, नि आत कुणीतरी टाळ्या पिटत होतं. उतरल्यावर कणसं मोडून एकमेकांना मारायचा खेळ सुरू झाला. ही शिकलेली माणसं! आबा आगटीपाशी बसून गरम कणसं तळहातावर चोळतायत, फुंकर मारून दाणे ताटात टाकतायत, हात लाल झालेत.

एका व्यापाऱ्याच्या बायकोनं तुम्हाला विचारलं, "शेत कुणाचं हो हे?" तुम्ही म्हणालात, "आमचंच. हे आमच्याकडे असतात, राखायला."

आबांनी ते ऐकलं. मान खाली घालून "जी" म्हणाले आणि त्या बाईच्या ताटात आणखी हुरडा टाकला. माझ्या आईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. त्या 'जी'नं माझं डोकं फिरलं. मी उभी राहून मोठ्यांदा म्हणाले, "न्हाई. शेत यांचं हाय. हे माझे वडील हायत, आन् तुमी समदे त्यांचे पाव्हणे."

मग ती बाई हसली, "अय्या, किती गोड बोलते!" आणि आबांकडे आणखी गूळ मागितला. लाज कुणालाच वाटली नाही. पांढरा पडला तो फक्त तुमचा चेहरा. निघताना आबांनी मला बाजूला घेतलं. वाटलं, पाठीवर हात ठेवतील. ते म्हणाले, "बाई, इहीणबाईला चारचौघात खाली पाहायला लावलंस. माझं काय जायलालतं? शेत तर माझंच हाय ना."

होळीपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. पुढच्या दसऱ्याला क्लबानं तुम्हाला लेडीज कमिटीतून काढलं. खोटं बोललात म्हणून नाही, खोटं उघडं पडलं म्हणून. 'जमीनदारीणबाई' असं तुमचं नाव पडलं. तरी तुम्ही जात राहिलात आणि मागच्या खुर्चीत बसत राहिलात. मला सगळ्यात जास्त किळस आली ती त्या खुर्चीची. मग तुम्ही अंथरुणाला खिळलात. क्लब हाकेच्या अंतरावर, पण तिथलं कुणी फिरकलं नाही. आबा मात्र दर बाजाराच्या दिवशी एसटीनं यायचे, तुमच्या खाटेपाशी स्टुलावर बसायचे, कुणाची गाय व्याली, कुणाची सोयरीक जमली ते सांगायचे. आधी तुम्ही भिंतीकडे तोंड करून ऐकायचात. पुढे पुढे मला विचारायचात, "आज बाजार ना? मग अजून कसे आले नाहीत?" माफी तुम्ही मागितली नाहीत, त्यांनीही कधी वाट पाहिली नाही.

तुम्ही गेलात त्या आठवड्यात क्लबानं दोन मिनिटं उभं राहून मग ठरलेला तंबोला खेळला. हे मला त्याच बायकांनी घरी येऊन सांगितलं, कौतुकानं. आणि तुम्हाला काढलं होतं त्याच लेडीज कमिटीत मी यावं म्हणाल्या. "तुझी ती बोली आम्हाला फार आवडते गं."

हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते पेटीत टाकलं नसतं. कारण मी त्यांना तिथल्या तिथं, तोंडावर 'नाही' म्हणाले, असं आजवर सगळ्यांना सांगत आले आहे. तसं झालं नव्हतं, आई. 'नाही' म्हणाले ते दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी विचार करायला वेळ मागून घेतला होता, आणि त्या बायका गेल्यावर कपाट उघडून, कमिटीच्या पहिल्या दिवशी कोणती साडी नेसावी ते बघत बसले होते.