सीट किती वर्षांची घेऊ?

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी खुशाली कळवायचा तुला कंटाळा आहे, तेही नेहमीसारखंच. तुझ्या डोंगरावर फोन लागतो तो वाऱ्याच्या मर्जीने, म्हणून लिहायलाच बसले.

बातमी मोठी आहे. आपल्याकडे गाडी आली! नवी कुठली, ह्यांनी ज्यांची कवळी केली त्या एका आजोबांनी गाडी चालवणं सोडलं, त्यांची. सायकलवर पुढे एक आणि मागे दोघं अशी सर्कस करत पुलापलीकडच्या बालवाडीत जायचं म्हणजे माझ्या नाकी नऊ येत होते. आमची जोडगोळी आता चार वर्षांची झाली आणि तुझी लेक भिंगरी तर नावाप्रमाणेच आहे, एका जागी ठरत नाही.

पण गाडी घेतली आणि नवंच घोडं अडलं. तिघांना मागच्या बाकावर बसवायच्या तीन वेगळ्या सीटा हव्यात, लहान मुलांच्या, पट्ट्यांच्या. मांडीवर घेऊन जाऊ असं मी म्हणणार होते. तेवढ्यात सीटांच्या दुकानदारीणबाईंनी सांगितलं की जोरात ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल हातांनी धरून ठेवणं कुणालाच जमत नाही. आता गंमत अशी की परवडणाऱ्या सीटा ऐसपैस आहेत, तीन शेजारीशेजारी ठेवल्या की दार लागत नाही. अरुंद सीटा आहेत, पण त्यांची किंमत ऐकून आम्ही दोघंही एकदम खिडकीबाहेर बघायला लागलो. शेजारीण तिची जुनी फुकट देत होती. मी खूश. मग खोदून विचारलं तेव्हा कळलं, ती सीट एकदा गाडीबरोबर ठोकर खाऊन आली आहे. बाई म्हणाल्या, अशी घेऊ नका, आतून तडा गेला असला तरी बाहेरून दिसत नाही. मी तर कापड बदलून ती नवी करायच्या बेतात होते, पडदे शिवणारीला दुसरं काय सुचणार! हे म्हणाले, दात कोरून पोट भरत नाही. कवळ्या करणाऱ्याच्या तोंडी ही म्हण शोभते खरी.

जोडगोळीच्या दोन सीटा ठरल्या. प्रश्न भिंगरीचा. एक स्वस्त सीट आहे, ती थोडेच दिवस पुरेल. दुसरी जरा महाग, पण तीत बाई सांगतात तसं मुलाला आधी मागे तोंड करून उलटं आणि मग सुलटं बसवता येतं, सातव्या वर्षापर्यंत चालते. तर तिच्यासाठी किती वर्षांची सीट घेऊ, एवढं कळव. तुझा तिथला करार एप्रिलमध्ये संपतो ना?

कळावे. लोभ आहे हे मला माहीत आहे, पण अधूनमधून कागदावरही दिसू दे.

तुझी,
ताई


ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र रसदीच्या गाडीबरोबर आलं आणि वेधशाळेत आनंदीआनंद झाला. इथे आम्ही दोघंच, मी आणि स्वयंपाकी. वारा, पाऊस, तापमान मोजून झालं की मोजायला काही उरत नाही. तू सोबतच्या कागदावर मागच्या बाकाचं आणि सीटांचं माप दिलंस हे फार बरं केलंस.

मला आधी पडलेला प्रश्न हा की लहान मुलाला उलटं, म्हणजे मागे तोंड करून का बसवायचं? त्याला पुढचं काही दिसत नाही, कंटाळा नाही का येणार? म्हणून एक प्रयोग केला. पुठ्ठ्याच्या दोन खुर्च्या केल्या, त्यांत दोन अंडी बांधली, एक सुलटं आणि एक उलटं, आणि फळीवरून घसरगुंडी करून भिंतीवर आपटली. सुलट्या अंड्याला पट्ट्यापाशी चीर गेली. उलटं अंडं खुर्चीच्या पाठीत रेलून राहिलं, त्याला काही झालं नाही. सगळा धक्का पाठ खाते, मान वाचते. प्रयोग एकदाच केला, कारण स्वयंपाक्याने पुढची अंडी कुलपात ठेवली. पण दोन अंड्यांवरून एवढा निष्कर्ष काढायला मी काही घाबरत नाही, शिवाय तुझ्या दुकानदारीणबाईही तेच सांगतात.

मग जुन्या हवामान नकाशांच्या पाठीवर मागचा बाक काढला आणि तिन्ही सीटांचे कागद कापले. दोन संध्याकाळ सरकवत बसलो. स्वयंपाकी नको नको म्हणत शेवटी शेजारी येऊन बसला आणि सल्ले द्यायला लागला. उत्तर सापडलं! कडीच्या टोपलीसारखी असते ना, तान्ह्या बाळाची सीट, ती सगळ्यांत अरुंद आणि सगळ्यांत स्वस्त. ती मध्ये ठेव. दोन्ही बाजूंना बोटभर जागाही उरते. एका दगडात दोन पक्षी. नकाशा सोबत जोडला आहे.

कराराचा कागद आला आहे. आणखी तीन वर्षांचा आहे. सही करायची की नाही ते बघू. इथे शांत असतं. भिंगरीची आई गेल्यापासून मला शांतच बरं वाटतं, तुला माहीत आहे.

भावोजींना नमस्कार, पोरांना पापे. कळावे, तुझा राग नसेल तर लोभ ठेव, असेल तर दोन्ही ठेव.

तुझा,
धाकटा


ता. २७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

राग आहे. आधी तो सांगते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

तुझा नकाशा घेऊन मी मोठ्या तोऱ्यात दुकानात गेले. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला, वाहवा केली, आणि टोपली काढून म्हणाल्या, बाळाला बसवा. भिंगरीला बसवलं. तिचे गुडघे हनुवटीला लागले आणि पाय काठावरून बाहेर! पट्टा खांद्यावर येईना. मग ती आत उभीच राहिली, होडीत उभं राहावं तशी, आणि जोडगोळीने टोपली ढकलायला सुरुवात केली. आख्खं दुकान हसत होतं. बाईंनी मला सहज विचारलं की हे माप नक्की कुठल्या बाळाचं घेतलंत?

अरे, ती दोन वर्षांची व्हायला आली! तू गेलास तेव्हा तुझ्या कोपरापासून बोटांपर्यंत मावायची, तू अजून तेवढीच धरून चालला आहेस. वाऱ्याचा वेग दशांशात लिहिणारा माणूस तू. आणि स्वतःच्या पोरीचं माप चुकलास. मी प्रत्येक पत्रात लिहिते की ती चालते, पळते, कपाट उघडते. सगळं पालथ्या घड्यावर पाणी!

असो. घरी आल्यावर मी पडदे बेतायचा खाकी कागद जमिनीवर पसरला आणि भिंगरीला त्यावर निजवून कडेने पेन्सिल फिरवली. ती निजून राहावी म्हणून जोडगोळीने तिला गाणी म्हणून दाखवली, तरी डावा हात दोनदा हलला आहे, तिथे रेघ दुहेरी दिसेल. खांद्याच्या जागी खूण केली आहे, सीटचा पट्टा तिथे यायला हवा. वजन कोपऱ्यात लिहिलं आहे. सुरळी पाठवते. आता याच्यावर तुझे प्रयोग कर.

आणि मी विचारलं होतं ते तसंच राहिलं. सीट किती वर्षांची घेऊ? तू अंड्यांचं सांगतोस, नकाशांचं सांगतोस, आणि ताकाला तूर लागू देत नाहीस. दुकानदारीणबाई मार्चअखेरपर्यंत जुन्या भावात देणार आहेत, म्हणून लवकर लिही.

कळावे. लोभ आहेच, म्हणून तर एवढं बोलले.

तुझी,
ताई


ता. २७ फेब्रुवारी

प्रिय मेहुण्यास,

सप्रेम नमस्कार वि. वि.

सुरळीच्या आत ही चिठ्ठी तुझ्या ताईच्या नकळत सरकवतो आहे. मला तिच्यासारखं लिहिता येत नाही. दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे करतो, ते बोलत नाहीत म्हणून मला आवडतात. तरी हे सांगायलाच हवं.

सीट कुठली घ्यायची हा पैशाचा प्रश्न नाही. दोन्ही आम्हाला जमतील, एखादी सुटी कमी करू. तुझी ताई दुकानात त्या मोठ्या सीटवर हात ठेवते आणि काढून घेते. ती घेतली तर तुला वाटेल की हिने माझी मुलगी कायमची ठेवून घेतली. लहान घेतली तर तिला स्वतःलाच वाटतं की आपण पोरीला पाहुणी ठरवलं. अशा कात्रीत ती सापडली आहे आणि तू तिला अंड्यांच्या गोष्टी लिहितोस.

दुसरं. जोडगोळीचं ऐकून भिंगरी तिला आई म्हणायला लागली आहे. तुझी ताई दर वेळी आत्या म्हण, आत्या म्हण, असं सांगते. मग स्वयंपाकघरात जाऊन उगीच नळ सोडते. परवा मी विचारलं तर म्हणाली, तिची आई गेली आहे, पण बाप आहे ना, त्याची जागा मी कशी घेऊ.

तू सही करणार असशील तर कर. आम्ही तिला वाढवू, आनंदाने वाढवू, हे मनापासून लिहितो. न करणार असशील तर तेही कळव. पण काहीतरी एक सांग. या माझ्या घरात एक बाई दोन्हीकडून रडते आहे.

तुझ्याबद्दल माया आहे म्हणून लिहिलं. ती तशीच राहील.

तुझा,
भावोजी


ता. १२ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

सुरळी मिळाली. टेबलावर उलगडली तर पाय टेबलाबाहेर जायला लागले, म्हणून जमिनीवर पसरली. स्वयंपाकी आला आणि म्हणाला, केवढी मोठी आहे हो. मग तिच्या हातावर माझा हात ठेवून पाहिला. दुहेरी रेघेचा हात. तिथे ती हलली असणार, खोडकर कुठली.

ताई, मी तिला जिथे ठेवून आलो तिथेच ती असेल असं मला वाटत राहिलं. मला भीती वाटत होती, ती मोठी झाली तर तिच्या आईसारखी दिसेल. म्हणून मी पत्रातलं वाचायचो आणि विसरायचो. दर तीन तासांनी काटे वाचणारा माणूस, आणि हे एकच वाचायचं टाळलं. तू रागावलीस ते योग्यच.

आता कामाचं. कागदाची टोपली फेकून दिली आणि खऱ्या मापाने मोठी सीट कापली. सुलटी ठेवली तर मावत नाही, दार अडतं. स्वयंपाक्याने हात टेकले. पण ती उलटी ठेवली तर? जोडगोळीच्या सीटा खांद्यापाशी रुंद आणि पायापाशी अरुंद आहेत. भिंगरीची उलटी ठेवली की तिचा रुंद भाग येतो दोघांच्या पायांपाशी, आणि अरुंद भाग दोघांच्या खांद्यांमध्ये. तिन्ही एकमेकींत बसतात! कागदावर बसल्या, गाडीत बसतात का ते बाईंकडून उसनी आणून आधी बघ, मग पैसे दे. पुढच्या सीटवर मात्र तिला उलटं बसवू नकोस, समोर एअरबॅग असते.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मोठी घे, सात वर्षांची. मी सही केलेली नाही. तुमच्या शहरातल्या हवामान कचेरीत नकाशे काढायची जागा रिकामी आहे, पगार कमी आहे, मी हो कळवलं. तुमच्या गल्लीच्या आसपास दोन खोल्या मिळतात का ते भावोजींना बघायला सांग. त्यांची चिठ्ठीही मिळाली, त्यांना रागावू नकोस. सीट घेतलीस म्हणजे माझी मुलगी घेतलीस असं मला कधी वाटणार नाही. दिवसा ती तुझ्याकडे राहील, रात्री माझ्याकडे, आणि ती तुला काय म्हणेल ते तिलाच ठरवू दे. मला तर ती ओळखणारही नाही. तरी मी येतो. पाच एप्रिलच्या दुपारच्या बसने पोचेन.

कळावे. आतापर्यंत जितका लोभ केलास त्याला मी पुरा पडलो नाही, यापुढे प्रयत्न करीन.

तुझा,
धाकटा


ता. २३ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

बसल्या! तिन्ही बसल्या. बाईंच्या दुकानासमोर गाडी उभी करून हे गुडघ्यावर आत शिरले, मी बाहेरून सूचना देत होते, आणि जोडगोळी दाराचा पहारा करत होती. तुझी उलटी सीट मध्ये सरकवली आणि दोन्ही दारं लागली. दुकानदारीणबाईंनी तुझा नकाशा ठेवून घेतला आहे, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवणार म्हणे. तुझ्या अंगावर मूठभर मांस चढलं असेल, पण फार फुगू नकोस. सीट हलते का ते बाईंनी जोर लावून पाहिलं आणि ह्यांनी बांधलेला पट्टा सैल निघाला. पुन्हा बांधला.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग ह्यांना वाचायला दिलं. चिठ्ठीबद्दल मी रागावले नाही, फक्त एक दिवस बोलले नाही. दोन खोल्या बेकरीच्या मागे मिळाल्या आहेत. तुझ्या खिडकीतून आमची गच्ची दिसते. मी पडदे शिवून लावले आहेत, रंगावरून कुरकुर करायची नाही.

मला आनंद झाला आहे. वाईटही वाटतं आहे, रात्री तिचं पांघरूण सारखं करायला मी नसणार म्हणून. ते तुझ्यापासून लपवून काय करू?

आता एक अडचण. आम्ही सगळे तुला आणायला बसथांब्यावर येणार असं ठरलं होतं. काल मोजलं तेव्हा लक्षात आलं, मागे तिघं, पुढे हे आणि मी, गाडी भरली. तुला जागाच नाही! हे म्हणाले की तू रिक्षाने ये. मी नको म्हटलं. मी घरी थांबते, माझ्या जागेवर तू बस.

ती मागे तोंड करून बसलेली असेल, म्हणजे वाटेत तुला तिचा चेहरा दिसणार नाही. तिच्याशी बोलत राहा, म्हणजे आवाज ओळखीचा होईल. ती अनोळखी माणसाकडून पट्टा लावून घेत नाही, पाठ ताठ करते आणि भोकाड पसरते. ह्यांना वाटेल आपण लावावा, जोडगोळी मला बोलवा म्हणेल. कुणाचं ऐकू नकोस. आधी खांद्यावरचे दोन्ही पट्टे, मग मधली कडी, आणि पट्ट्याची चिमटीत घडी येणार नाही इतपत घट्ट. पहिल्यांदा ती रडेल. रडू दे, पण पट्टा तूच लाव.

कळावे. दार उघडं ठेवते, लोभ घेऊन लवकर ये.

तुझी,
ताई