मेलेल्यांची हजेरी

२ जून १९९९
हिंगोली जिल्हा होऊन महिना झाला. तहसीलमधले शिक्के अजून परभणीचेच. लिंबाखाली माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायला येणारे लोक विचारतात, महाराज, अर्जात काय लिव्हायचं? मी म्हणतो, परभणी लिहा आणि खोडा, म्हणजे दोन्हीकडचे साहेब खूष.

तांड्याचा गेमा नाईक आला होता. उद्या मंडळाची वार्षिक सभा, इतिवृत्त लिहायला या. 'भाऊबंद पेरणी मंडळ'. घरचा कर्ता माणूस गेला की बाकीचे तीन वर्षं आधी त्याचं रान पेरणार, मग आपापलं. बापजाद्यांपासून चालत आलेलं. कागदावर मी आणलं, पाच वर्षांपूर्वी. समाजमंदिराला नोंदलेली संस्था लागत होती. नियमावली एका तालमीची उतरवली, 'मल्ल' काढून 'सभासद' घातलं. वाचून दाखवली नाही. कुणी 'वाचा' म्हटलंही नाही.

३ जून
जीपने फाट्यापर्यंत, पुढे पायी. ऊन मरणाचं.

गेमा एकेक नाव घेतो, माणूस 'हाय' म्हणतो, अंगठा उठवतो. पुढे मेलेल्यांची नावं. तीही घेतात. थावरा होळीच्या आठवड्यात साप चावून गेला. त्याचं नाव आलं तशी त्याची बायको झमकू उठली, 'हाय' म्हणाली, थावराच्या नावापुढे अंगठा लावला. तीन पेरण्या होईपर्यंत मेलेला यांच्यात जिवंतच. गेमा म्हणतो, "नाव काढलं तं पेरणीबी गेली." मी दरवर्षीप्रमाणे लिहिलं, थावरा, हजर.

मग मी एक मूर्खपणा केला. आमची देवळाकडची दोन एकर दोन वर्षं पडीक आहे, बटईवाला पळून गेला. म्हटलं, मलाही सभासद करून घ्या.

गेमा हसला. "महाराज, तुमी मेल्यावर आमी पेरू. पण आमी मेल्यावर तुमी तिफण धरताल का?"

सगळा तांडा हसला. बायकासुद्धा. झमकूने पदर तोंडाला लावला, तीन महिन्यांची विधवा, पण हसलीच. मीही हसलो. घरी येईपर्यंत हसत होतो. सौ.ने विचारलं काय झालं. काही नाही.

१९ जून
सेनगावला जाताना जीपमधून दिसलं. झमकूच्या रानात पाच तिफणी, दहा बैल. गेमा स्वतः पुढे. ती बांधावर भाकरींचं गाठोडं घेऊन. आमची दोन एकर तिथून दिसते, गवत कमरेएवढं.

१४ जानेवारी २०००
बळीराम आला. थावराचा सख्खा धाकटा भाऊ. गोरेगाव-सेनगाव जीप त्याचीच, आज बोनेटवर तिळगुळाचा पुडा ठेवून आला. गोड बोलायचाच दिवस.

"वैनीचं रान मंडळ पेरून राहिलं. तीन साल पेरलं तं मला बटईनं कवा भेटल? काही कायदा असल ना, महाराज?"

कायदा होता. मीच लिहिला होता. नियमावली काढली, नियम अकरा. 'सभासद मयत झाल्यास त्याचे सभासदत्व आपोआप संपुष्टात येईल.' तालमीला बरोबरच होतं, मेलेला पैलवान कुस्ती काय खेळणार.

लगेच तक्रार लिहून दिली. 'मयत इसमांना सभेत हजर दाखवून, त्यांच्या नावे अंगठे उठवून, खोटी गणसंख्या भरून...' हात असा चालला की बस. वाचून दाखवली तेव्हा बळीरामच घाबरला. "लई झालं का, महाराज?" म्हटलं, थोडं कमीच आहे.

खोटं कशाला सांगू. बरं वाटलं. जेवण नीट गेलं.

२७ मार्च
परभणीच्या धर्मादाय ऑफिसची नोटीस तांड्यावर गेली. गेमा ती घेऊन माझ्याकडेच आला. दुसरीकडे कुठे जाणार, आडातून काढणारा आणि आडात टाकणारा मी एकच. तक्रार कुणी लिहिली ते त्याला कळलेलं नाही. अर्जनवीस सगळ्यांचाच.

म्हणाला, "मेलेल्याचे अंगठे आमीच लावतो. त्यात लपवायचं काय? लिव्हा तसंच."

एक शब्द पुरला असता. 'वारस'. 'मयताच्या वारसाने अंगठा दिला.' मग निदान खोटेपणा उरला नसता. शब्द टाकाच्या टोकावर होता. मी लिहिलं, 'मयत सभासदांचे अंगठे आम्हीच लावतो, ही बाब खरी आहे.' गेमाने खाली अंगठा उठवला. जाताना म्हणाला, तुमी हाय म्हणून, महाराज.

सौ. ओट्यावर होती. "त्याला सगळं वाचून दाखवलंत ना?"
"दाखवलं."

९ मे
सुनावणी. परभणीला गेमाबरोबर गेलो. साहेब वाईट नव्हता. दोनदा विचारलं, "बाई वारस म्हणून अंगठा देते का?" एकदा माझ्याकडे बघूनही विचारलं. मी रजिस्टरकडे बघत राहिलो.

गेमा म्हणाला, "वारस-बिरस न्हाई, साहेब. थावराच हाय तो. पेरणी होईस्तोवर."

साहेबाने पेन खाली ठेवलं. नोंदणी गेली हे मला तिथेच कळलं. एसटीत गेमाने मला खिडकीची जागा दिली आणि वेलची केळी घेतली. खाल्ली मी दोन.

६ जून
ऑर्डर आली. गेमाने सगळा तांडा बोलावला, समाजमंदिरात. वाचायला मी.

नोंदणी रद्द. रजिस्टर जप्त, खोट्या नोंदींची चौकशी वेगळी. 'यापुढे मंडळाच्या नावाने कोणतेही काम करू नये.' मी हे सावकाश वाचलं, दोनदा वाचलं. मग कागदाची घडी घातली.

खाली अजून एक ओळ होती. 'तथापि, संबंधित व्यक्तींनी आपसात नेहमीप्रमाणे एकमेकांस मदत करण्यास या आदेशाने कोणतीही बाधा येत नाही.'

ती वाचली नाही.

गेमाने विचारलं, "मंग पेरणी केली तं गुन्हा व्हईल का?" मी म्हणालो, कागद तुमच्यासमोर वाचला. या लोकांना चौकीचा धाक आजोबा-पणजोबांपासून आहे, ते मला माहीत होतं. मला माहीत होतं म्हणून तर मी तसं बोललो. झमकू मागे भिंतीला टेकून होती. कुणी तिच्याकडे बघेना.

या वेळी कुणी हसलं नाही.

२३ जून
सगळीकडे पेरण्या. झमकूच्या रानात कुणी उतरलं नाही. थावराचे बैल उन्हाळ्यातच विकले होते. मंडळ पेरणार, बैल कशाला पोसायचे, असा हिशोब. बरोबरच होता.

बळीरामच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर होतो. तिने आणि सासूने तिफण खांद्यावर घेतली होती. दोघी ओढत होत्या. कुणीच मागे धरणारं नव्हतं, त्यामुळे तिफण दर चार पावलांनी आडवी पडायची. बळीरामने जीप हळू केली. "बघा महाराज, लई अकड व्हती." त्याची आईच होती ती दुसरी. मी म्हटलं, चल, उशीर होतोय.

२९ जून
सासू पडली. कमरेचं हाड. पुसेगावच्या एकाने बांधून दिलं, घरीच. झमकूने रान बळीरामला बटईने दिलं. करारनामा मी लिहिला. अंगठा देताना ती म्हणाली, "हा माझाच ना, महाराज? का मेलेल्याचा?" तिचं बोट धरून शाईवर दाबलं, नको तेवढं जोरात.

१७ ऑक्टोबर
सोयाबीन काढणी. झमकू स्वतःच्या रानात रोजाने. बळीराम बांधावर उभा, "वाकून काप, वैनी." सासू गणपतीत गेली. तेराव्यालासुद्धा तांडा एकत्र बसला नाही म्हणे. एकत्र बसलं की मंडळ होतं, अशी भीती.

हे मी केलं. माझ्या दोन एकरांत अजून गवतच आहे. यातून मला काय मिळालं ते लिहायला बसलो होतो, सुचेना. सौ. म्हणते रात्री दात खातो मी झोपेत.

२ डिसेंबर
गेमाने नाईकपण मुलाकडे दिलं. रस्त्यात भेटला. आता 'महाराज' म्हणत नाही, नुसता रामराम.

१५ फेब्रुवारी २००१
मला नोटीस. माझ्या नावाने.

'जप्त रजिस्टरमधील सहा वर्षांच्या नोंदी आपल्या हस्ताक्षरात असून मयत इसमांपुढे "हजर" असे आपण लिहिल्याचे दिसून येते. खुलासा करावा.'

असा कसा विसरलो. अंगठे त्यांचे, पण 'हजर' माझं. प्रत्येक मेलेल्यापुढे, वळणदार. माझं अक्षर सेनगावात कुणीही ओळखेल. तीन वेळा खुलासा लिहिला, तीन वेळा फाडला. दुसऱ्यांसाठी इतकी वर्षं खोटंखरं लिहिलं, स्वतःसाठी एक वाक्य धड होईना.

बळीरामला म्हटलं, साक्ष दे की रीतच तशी होती. म्हणाला, "मी तं तक्रार केली, महाराज. तुमीच लिव्हली न्हाई का?" आणि जीप सुरू केली.

१ मार्च
वकिलाला विचारलं. तो म्हणाला, एकच वाट आहे. मयताच्या घरच्यांनी जबाबात सांगायचं, आम्ही वारस म्हणून अंगठा दिला, लिहिणाऱ्याने आमच्या सांगण्यावरून लिहिलं. बाकीच्या घरांनी नाही म्हटलं. तोंड न उघडता, दार लावून. राहिली झमकू. तिलाही बोलावणं गेलंय.

१३ मार्च
(वहीत नाही, नोटिशीच्या पाठीवर. नंतर चिकटवीन.)

झमकू आली. तहसीलच्या आवारात, माझ्या लिंबाखाली. टोपी काढून लोक बसतात तिथे बसली.

"साहेबानं बोलावलं. अंगठा काहून लावला म्हणून इचारणार. काय सांगू?"

"सांग, वारस म्हणून लावला."

"वारस म्हंजे?"

"मागे राहतो तो."

तिने विचार केला. "मंग हा शबुद मागल्या साली काहून न्हाई लिव्हला?"

मी जबाब लिहायला घेतला. 'मी मयताची वारस म्हणून...' लिहून झाला, शाईची डबी उघडून पुढे केली. तिने मूठ मिटून घेतली.

"आधी वाचा."

वाचला. सगळा.

"आता हे." कनवटीचा कागद काढला. घामाने मऊ झालेला, घडीवर फाटायला आलेला. मागच्या जूनची ऑर्डर. गेमाने दिली म्हणे. "सबन वाचा. खालच्या वळीपस्तोर."

कुणी सांगितलं तिला? की कुणीच नाही, आणि तिने नुसत्या ओळी मोजल्या? त्या दिवशी मी वाचल्या किती आणि कागदावर आहेत किती.

वाचायला लागलो. नोंदणी रद्द, वाचलं. रजिस्टर जप्त, वाचलं. मंडळाच्या नावाने काम करू नये, वाचलं. ती माझ्या ओठांकडे बघत होती. सासूचं नाव तिने काढलं नाही.

मी म्हणालो, चष्मा पुसतो.

"पुसा. मी बसते."

चार वाजलेत. चष्मा पुसून झालाय. तिला वाटतंय मी तिचंच काही लिहितोय. ती समोर आहे, मूठ अजून मिटलेली.