अँटेना कुणी फिरवायची

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवसापासून या घरात टीव्ही नाही. पडद्यावर नुसते चौकोन नाचतात. सुट्टीला आलास, जेवलास, झोपलास, इथवर ठीक होतं. मला न विचारता अँटेना छतावरून उतरवून पोटमाळ्यावर कशाला टांगलीस? तिच्या डोक्यावर पत्रा आहे. पत्र्यातून सिग्नल काय वाट काढून येणार? तुझ्यासमोर चित्र दिसलं म्हणे. दिसलं असेल. आभाळ भरून आलं आणि तेही गेलं.

तू नकाशे काढतोस त्या घरांवर अँटेना नसते, म्हणून आमच्याही घरावर नको, असंच ना? घर छान दिसायला हवं, आत बसलेल्या म्हाताऱ्याला काही दिसो न दिसो.

ताई म्हणते, आवाज तरी अधूनमधून येतो. आवाज घेऊन मी काय करू? माझे कान कारखान्यातल्या लेथच्या खडखडाटात गेले ते गेले. मला पडद्याखालची अक्षरं हवीत. जगात काय चाललंय ते मी त्यांतून वाचतो. लोक हसतात ते कशाला हसतात, हे मला तिथेच कळतं. घरात तुम्ही बोलता तेव्हा खाली अक्षरं येत नाहीत.

येत्या रविवारी मी ती परत वर चढवणार आहे. तुला कळावं म्हणून लिहिलं, विचारावं म्हणून नाही.

तुझ्यावर रागावलेला, पण तुझाच,
बाबा


ता. ९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोकं तापलं. घर छान दिसावं म्हणून मी अँटेना काढली, असं तुम्हाला खरंच वाटतं? मग ऐका. शेजारच्या न्हाव्याने मला सांगितलं की मागच्या महिन्यात तुम्ही छतावर गरगरलात आणि अँटेनाच्या पाइपला मिठी मारून बसून राहिलात. त्याने हाका मारल्या, त्या तुम्हाला ऐकू आल्या नाहीत. शेवटी तोच वर चढला. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. ताईला तर त्याने शपथ घालून गप्प बसायला सांगितलं होतं, तुमच्याच सांगण्यावरून.

कानांमुळे तोल जातो, शिडीला हात लावू नका, हे डॉक्टरांनी माझ्यादेखत सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावलीत. तुम्हाला ऐकू आलं नव्हतं की ऐकायचं नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही.

पोटमाळ्यावर चित्र येत नसेल तर मी चुकलो. मे महिन्यात येऊन दुसरी सोय करीन. तोवर चौकोन बघा, पण खाली बसून बघा. शिडी मी मुद्दाम न्हाव्याच्या दुकानामागे ठेवून आलोय. मागायला जाऊ नका, तो देणार नाही. बापाचे हातपाय मोडण्यापेक्षा बापाचा राग मला परवडतो.

राग ओसरला की चार ओळी लिहा, नाही ओसरला तरी लिहा.
आपला,
धाकटा


ता. १७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुम्हा बापलेकांना पत्रं लिहायला सुचतं, निस्तरायला मी. शिडी लपवून तू मोठी हुशारी केलीस. बाबांनी माझ्या कापड बेतायच्या टेबलावर स्टूल ठेवलं, पोटमाळ्यावर चढले, अँटेना सोडवली आणि झरोक्यातून अंग बाहेर काढून छतावर गेले. मी गिऱ्हाइकाचं माप घेत होते. वर पत्रा वाजला तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आणि मी काय करावं? शरमेची गोष्ट आहे, मी खिडकीतून ओरडायला लागले. थोडं डावीकडे, आलं, गेलं, थांबा. आपण लहान होतो तेव्हापासून बाबा वर आणि आपण खाली ओरडायला. कान गेले तरी आम्ही तेच करतोय. माझा हात दिसावा म्हणून ते वाकले आणि पत्र्यावरून थेट पन्हाळीपर्यंत घसरले. कोपर सोललं, पन्हाळ वाकली, एवढ्यावर निभावलं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. न्हाव्याकडून शिडी आणवली, बाबांना उतरवून खुर्चीत बसवलं. हातात ताट आणि डाव दिला आणि खडूने टेबलावर मोठ्या अक्षरात लिहिलं, अक्षरं दिसली की वाजवा. त्यांचे डोळे शाबूत, माझे कान शाबूत. इतकी साधी गोष्ट तिघांपैकी एकालाही सुचू नये.

वर जाऊन फिरवते, फिरवते, ताट काही वाजेना. मग ध्यानात आलं की हे चित्र पूर्वीसारखं हळूहळू उजळत नाही. ते जुळायला वेळ घेतं, तोवर आपला हात पुढे गेलेला असतो. म्हणून बोटभर फिरवायचं, हात काढायचा आणि गप्प उभं राहायचं. तसं केलं. ताट असं वाजलं की न्हावी वस्तरा घेऊन रस्त्यावर आला.

आता चित्र स्वच्छ आहे, अक्षरं ठळक आहेत आणि तुझे बाबा पडद्याकडे पाठ करून बसलेत. कोपर दुखतंय का विचारलं तर मान हलवतात. माझ्याने आता समजूत घालवत नाही. तूच विचार.

दोघांवर चिडलेली आणि दोघांची,
ताई


ता. २१ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ताईने तुला लिहिलं ते मला माहीत आहे. तिने टपालात टाकायच्या आधी वाचायला दिलं. माझा राग गेलेला नाही. शिडी लपवलीस, त्याचा राग आहे. मला नीट न सांगता ठरवलंस, त्याचा जास्त आहे.

पण तुला एक सांगतो, ताईला सांगितलेलं नाही. अँटेना वाऱ्याने फिरते ती काही रोज नाही. मी बऱ्याचदा उगीचच वर जायचो. जेवताना तुम्ही बोलता, हसता, मी ताटात बघतो. दोनदा काय म्हणालात विचारलं की तिसऱ्यांदा तुम्ही म्हणता, काही नाही. छतावर तसं नसतं. वाऱ्यात तिथे कुणालाच धड ऐकू येत नाही. खालचे हातवारे करतात, वरचा हातवारे करतो. तिथे मी बहिरा नसतो, नुसता वर असतो.

आता वर जायचं नाही म्हणता. बरं. शिडी न्हाव्याकडे परत गेली, मीच खांद्यावरून नेऊन दिली. मे महिन्यात येशील तेव्हा वर तू चढ, ताट मी वाजवीन. पण त्याआधी माझ्यासमोर बस, ओठ दिसतील असा. काय म्हणालास, असं मी विचारलं तर काही नाही म्हणू नकोस.

तुझी वाट बघणारा,
बाबा