डावीकडे टोचते

१४ मार्च, गुरुवार

आज परत सूप. दहावा दिवस, दहावं सूप. शेजारीण पातेलं घेऊन आली नि दारातच रडायला लागली. पातेलं कललं, अर्धं सूप पायपुसण्यावर. म्हटलं, बाई, रडायचं तर पातेलं खाली ठेवून रड.

ही वही नातीच्या भूगोलाची. पुढची पानं नद्या-डोंगरांनी भरलीत, मागची कोरी. "मनातलं लिहून काढ आजी, बरं वाटेल." शाळेत तिला कुणीतरी सांगितलं म्हणे. मी तिसरीपर्यंत शिकलेली. मला मनातलं बोलून टाकायची सवय, लिहायची नाही. आणि बोलायचं जिच्याशी, ती माझी लेक गेली.

लिहिलं. बरं वाटलं नाही.

१५ मार्च, शुक्रवार

जावई नि नात सध्या माझ्याकडेच राहतात. मला सोबत म्हणून. कोण कोणाला सोबत, देव जाणे. जावई मालट्रक चालवतो, घरात राहायची त्याला सवयच नाही. भांडी घासतो नि ओल्यावर ओली रचतो. चाळीस वर्षं माझे पेले उजव्या फळीवर आहेत. आता डाव्या फळीवर. मी काही बोलले नाही. म्हणजे एकदाच बोलले.

नात सोळाची. टिटवी म्हणायचो तिला, तोंडाला विश्रांती म्हणून नसायची. कुणावर गेलीय ते सांगायला नको. आता मोजून बोलते. "हो." "नको." आणि जेवताना, "आजी, अजून टोचतंय का?"

म्हटलं, हो. डावीकडे.

१७ मार्च, रविवार

लिहायचं नव्हतं. पण रविवार आहे, आणि डोक्यात सकाळपासून घर्र घर्र चाललंय.

माझी लेक कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवायचे, मग ती नि तिचा भागीदार लॅबमध्ये बसून दात उभे करायचे. भागीदार साचे ओततो, म्हणून आम्ही त्याला साचेवालाच म्हणतो. दात बसवायचं काम हिचं. अर्ध्या गावातली म्हातारी माणसं माझ्या लेकीच्या दातांनी हसतात.

तीन वर्षांपूर्वी माझीही कवळी तिने केली. माप तिनेच घेतलं. डॉक्टरला तू चावशील, म्हणाली. चावायला दात कुठे होते! मऊ मेणाची पट्टी तोंडात घातली नि म्हणाली, "आई, एक मिनिट फक्त. तोंड मिटून गप्प बस." बसले. तेवढ्यात आठवलं, मागची खिडकी उघडी राहिलीय. सांगायला नको? सांगितलं. दुसरी पट्टी. मग मला तिच्या केसांचं काहीतरी सांगायचं होतं. तिसरी पट्टी. "तुझ्या चाव्याचं माप घेणं म्हणजे चालत्या ट्रकचं चाक बदलणं," म्हणाली. नवऱ्याची भाषा.

तर माप चुकलं. कवळीने पहिला महिना नुसता जीव खाल्ला. तेव्हापासून दर रविवारी ती यायची. पिशवीत घासायचं छोटं मशीन. माझी कवळी ओल्या फडक्यात घ्यायची, भुकटी उडते म्हणून स्वयंपाकघराचं दार लावायची, मग दहा मिनिटं घर्र घर्र. मी बाहेर बोळकं मिटून बसलेली. मग धुऊन आणायची. "बघ आता." मी चावून बघायचे. "हं. बरंय." मग चहा, मग तिच्या गोष्टी, माझ्या गोष्टी, की संध्याकाळ. शुक्रवार आला की मी फोन करायचे. डावीकडे टोचतंय गं.

दोन रविवारांपूर्वी तिचाच फोन आला. "आई, डोकं फार दुखतंय. आज नाही आले तर चालेल?"

मी म्हटलं, "तुझं डोकं एक दिवस दुखतंय. मी चार दिवस पाव भिजवून खातेय."

आली. आत जाऊन घर्र घर्र केलं. चहा अर्धाच प्यायली. मशीनची पिशवी दारामागे विसरून गेली. सोमवारी सकाळी लॅबमध्ये कुणाचेतरी दात लावता लावता टेबलावरच आडवी झाली. डोक्यातली नस फुटली. एकेचाळीस वर्षांची.

पिशवी दारामागेच आहे. कुणी हात लावलेला मला चालणार नाही.

१८ मार्च, सोमवार

पेले परत डाव्या फळीवर.

१९ मार्च, मंगळवार

दाखल्यासाठी कचेरीत. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "मयताशी नातं?"

"आई."

"पुरावा?"

म्हटलं, "पोटावर आहे. दाखवू?"

जावयाने माझा दंड धरला. कारकून गोरामोरा झाला नि नको तिथे शिक्के मारत बसला.

येताना म्हटलं, गाडी दवाखान्याकडे घे. जावयाने का म्हणून विचारलं नाही. तेवढं एक बरंय त्याचं. त्या सोमवारी तिला तपासणारी डॉक्टरीण जिन्यात भेटली. तिला विचारलं, आदल्या दिवशी घरी झोपून राहिली असती तर? कुठे बाहेर पडली नसती तर?

"बहुतेक काही फरक पडला नसता, आजी."

बहुतेक! एवढी शिकलेली बाई, आणि देते काय तर बहुतेक. बहुतेक म्हणजे हो की नाही? हे असले शब्द यांना शिकवतात तरी कशाला.

२१ मार्च, गुरुवार

आज सहा जण आले. चहा मीच केला. ते आले मला धीर द्यायला नि मीच त्यांच्यापुढे ट्रे घेऊन फिरते.

एक म्हणे, "सुटली बिचारी." कशातून? चांगली धडधाकट होती, पुढच्या महिन्यात खोलीला रंग काढायचा होता तिला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुसरी म्हणे, "तुम्ही मोकळेपणी रडत का नाही?" तुमच्या कपबशा कोण विसळणार मग?

जाताना सगळ्यांनी सांगितलं, खाऊन घेत जा, किती वाळलात. हो म्हटलं. कवळी टोचते ना, म्हटलं.

२२ मार्च, शुक्रवार

जावई मोठा तीर मारून आला. "आई, मंगळवारी दातांच्या डॉक्टरकडे वेळ घेतलीय. कवळी नीट करून घेऊ. असं सुपावर किती दिवस काढणार?"

मी म्हटलं, परक्या माणसाचा हात माझ्या तोंडात नको.

"डॉक्टर आहेत ते."

"तुझ्या ट्रकची किल्ली देतोस का कुणाला?"

मग नात बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा एका दमात एवढं. "त्या रविवारी मी आईला म्हणाले होते, नको जाऊ. तिला उभंसुद्धा राहवत नव्हतं. म्हणाली, आजीला खाता येत नाहीये, जाऊन येते. आणि आता तू नीट करून घ्यायला तयार नाहीस. मग तिने जायचंच कशाला होतं?"

ताट तसंच टाकून उठली.

सांगून सांगून दातांच्या कण्या झाल्या म्हणतात लोक. माझ्या तर कण्याही उरल्या नाहीत, आणि जे सांगायचं ते सांगितलेलंच नाही. एक गोष्ट लिहायची आहे. लिहिली की ती खरी होऊन बसते. आज नको.

२४ मार्च, रविवार

आज कडकडून भूक लागली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. लाजच वाटली. पोटाला कशाचं काही नसतं.

न्हाणीघराचं दार लावलं, नळ सोडून ठेवला आणि एक अख्खं सफरचंद खाल्लं. सालीसकट.

२६ मार्च, मंगळवार

डॉक्टरकडे गेले नाही. जावयाने फोन करून वेळ रद्द केली. फोनवर माझ्या वतीने माफी मागत होता. माझ्या वतीने कुणी माफी मागितलेली मला आवडत नाही, पण ऐकत राहिले.

दुपारी नातीला बादलीमागे सफरचंदाचा गाभा सापडला. मी टाकायची विसरले होते. म्हातारपण, दुसरं काय. चोरी करावी तर धड ती पण जमत नाही.

"आजी, हे काय?"

"गाभा."

"खाल्लं कुणी?"

"उंदराने."

ती हसली नाही. गाभा हातात फिरवत राहिली. त्यावर दातांचे ठसे होते. आईची लेक ती, दात वाचता येतात तिला. डावीकडचे, उजवीकडचे, सगळे सारखे.

केराच्या डब्यात टाकला नि आत गेली. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. हळूच लावलं.

२८ मार्च, गुरुवार

नात बोलत नाही. मी पण नाही. मधल्या मध्ये जावई बोलतो, हवापाण्यावर. बिचारा.

३० मार्च, शनिवार

नात सकाळीच बाहेर गेली नि साचेवाल्याला घेऊन आली. मला न विचारता. त्या माणसाच्या केसांत, भुवयांत, बुटांत कायम प्लास्टर. म्हटलं, सोफ्यावर बसू नको, पाठ उमटेल. स्टुलावर बसला. फरशा मोजल्यासारखा जमिनीकडे बघत राहिला.

"मशीन न्यायला आलोय, मावशी. आणि आलोच आहे तर... कवळी बघतो जरा."

ताकाला जाऊन भांडं लपवतोय. मी ओठ घट्ट मिटले. तीन वर्षांपूर्वी एवढे मिटले असते तर माप पहिल्या फटक्यात निघालं असतं.

नातीने हात पुढे केला. तळहात वर, बोटं जरा वाकवलेली, वर ओलं फडकं. थेट आईसारखा. "आजी, दे."

दिली.

त्याने उजेडात धरली, अंगठा फिरवला. आतून कसलंतरी पातळ मलम लावलं, मला घालायला लावली, चावायला लावली, परत काढून बघितली. मलम सगळीकडून सारखं पुसलं गेलं होतं. टोचत असती तर तेवढीच जागा उघडी पडली असती, म्हणाला.

"मावशी, ही कुठेच टोचत नाही."

"तुला काय कळतंय? तू साचे ओतणारा. दात ती लावायची."

 नात माझ्याकडे बघत नव्हती. साचेवाला उठला, दारामागची पिशवी काढली, मशीन बाहेर घेतलं. मी अडवलं नाही. का नाही, ते मला माहीत नाही. मशीनच्या तोंडाशी घासायचा हिरवा दगड असतो, तो त्याने माझ्यासमोर धरला.

"हा बघा. कवळीला एकदा जरी लागला तरी याच्यात गुलाबी भुकटी बसते. कितीही धुवा, निघत नाही. हा कोरा आहे."

"मग बदलला असेल."

"नाही बदलला." मशीन पिशवीत ठेवत, "पहिल्या महिन्यात घासली तिने, लॅबमध्येच. मग बसली ती. एकदम चोख बसली, खूश होती. त्यानंतर दर रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात मशीन नुसतं चालू करून उभी राहायची. दहा मिनिटं. मला सांगायची सोमवारी. हसायचो आम्ही."

"हसायचात?"

"तसं नाही, मावशी. मी तिला एकदा म्हटलं, हे नाटक कशाला, सरळ सांगून टाक ना. तर म्हणाली, राहू दे. आईला 'ये' म्हणता येत नाही. टोचतं म्हणता येतं."

जावई ओट्यापाशी पेला पुसत होता. तोच पेला पुसत राहिला.

मी म्हटलं, "मशीन घे नि जा." गेला. स्टुलावर त्याची पांढरी बैठक उमटलीय. मी अजून पुसलेली नाही.

तीन वर्षं! दर रविवारी माझ्या घरात उभं राहून माझीच वीज जाळली. आणि तीन वर्षांत माझ्या ओट्यावर कधी भुकटीचा कण दिसला नाही. मला वाटायचं, पोरगी पुसून ठेवते. मीच शिकवलंय ना, या तोऱ्यात मी. मला वाटायचं, मी तिला बनवतेय.

३१ मार्च, रविवार

डावीकडे टोचत नाही. पहिला महिना सोडला तर कधीच टोचली नाही. ती यावी म्हणून म्हणायचे.

त्या रविवारीही तिला हे माहीत होतं. डोकं फुटायला आलं होतं, कवळीला काही झालेलं नाही हे पक्कं माहीत होतं, नि तरी आली.

नातीला बसवून सगळं सांगितलं. मध्ये एकदाही तोडलं नाही तिने. मग उठून सफरचंद घेऊन आली. न्हाणीघरात नाही, इथेच टेबलाशी बसून मी खाल्लं. दार उघडं होतं.