दिव्यावर धरलेली टाकी

सोमवार, ३ तारीख
आले एकदाची! लेकीच्या खाटेखाली माझी वळकटी, खिडकीत माझी पिशवी. एकसष्टाव्या वर्षी नोकरी लागली म्हणून माझंच मला हसू येतंय. लेक या लसीच्या कारखान्यात टाक्या घासते. तिनंच साहेबांच्या कानावर माझं नाव घातलं. लस अंड्यांत वाढवतात. अंडं दिव्यावर धरायचं, नखानं टिचकी मारायची. लाल शिरांचं जाळं दिसलं, आतला जीव हलला, तर अंडं पुढे. नाही तर बादलीत. शाळा चौथीपर्यंतच, पण कोंबड्या जन्मभर पाळल्या. चष्मेवाल्या साहेबांनी शंभर अंड्यांवर माझी परीक्षा घेतली आणि म्हणाले, मावशी, तुम्ही अंडी तपासायच्या यंत्राला घरी बसवाल!

गुरुवार, ६
शहरात ताप पसरलाय. फाटकापासून लसीची रांग लागते, त्यात कडेवरची लेकरं. अंडी मात्र अर्धीच आली. कोंबड्यांवरही रोग पडलाय. एका अंड्यातून जेमतेम एक डोस, म्हणजे नखानं विहीर खणण्यातला प्रकार. म्हणून नवी टाकी चालू केलीय. कोंबडी नको, अंडं नको; नुसत्या पेशी कोमट रसात वाढवायच्या आणि त्यांत लस. पुरुषभर उंच पोलादी टाकी, पोटाला तळहाताएवढी काच. हात लावला तर खुडूक कोंबडीच्या पोटासारखी ऊब. सवयीनं टिचकी मारली. लेक हसली, म्हणाली, आई, त्यात पिल्लू नाही गं, नुसतं सूप आहे.

सोमवार, १०
अंडी आलीच नाहीत. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा मी टाकीच्या काचेला दिवा लावला. आत गढूळ रस. टिचकी मारली. एक लाल धागा काचेपाशी आला. मग दुसरा. शिरा! दिवा डावीकडे नेला, तर त्याही डावीकडे वळल्या.
साहेबांना बोलावलं. त्यांना काहीच दिसलं नाही. मावशी, टाकीला डोहाळे लागले की कळवा, म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. दिवा मात्र काचेवरून काढला नाही.

बुधवार, १२
लेकीनं टिचकी मारली, काही नाही. मी नुसती दाराशी आले तरी काचेवर जाळं. आतापर्यंत हजारो अंडी पारखली, माझी नजर चुकत नाही. हा जीव आहे. आणि टिचक्या मारमारून मीच त्याला माझी ओळख करून दिली.

शुक्रवार, १४
टाकी उपसली. डोस गाळून, तपासून उत्तम निघाले. रांगेतली लेकरं वाचतील. आनंद व्हायला हवा. पण खालची शेगडी बंद करून दिवस झाला, तरी टाकी गरमच. टिचकी मारली. आतून उत्तर आलं— टिक.
पोलाद निवताना वाजतं, असं साहेब म्हणतात.
टाकी धुवायची वाफेची नळी फुटलीय. सोमवारी आत उतरून हातानं घासायचंय. तोंड अरुंद. तेवढ्या बारीक अंगाचं माणूस एकच. माझी लेक.

शनिवार, १५
आत उतरू नकोस म्हणून लेकीला हात जोडले, रडले. ती चिडली. बाहेर माणसं मरतायत आणि मी तुझ्या शिरांना भिऊ? टाकी एक दिवस थांबली तर हजार डोस थांबतात, म्हणाली.
खरं आहे तिचं. म्हणून तर तिला अडवता येत नाही.

सोमवार, १७
सकाळचे आठ. तिची पाळी नऊला. तिच्या उशाचा गजर बंद करून आले. अंगानं मीही बारीकच, तिच्याऐवजी मीच उतरते. ते मला ओळखतं. तिला नाही. तिला काय करेल—
झाकण उघडलं. वही काठावर.
दिवा आत धरला. भिंती दिसत नाहीत. सगळीकडे जाळं. लाल. ठोका पडतोय—
लेकी, माझ्यामागे येऊ नकोस. झाकण लावून घे. नळी दुरुस्त झाली की आधी वाफ सोडा. मी आत असले तरी—
एक पाय टाकला. ऊब. ते सरकलं. मागे नाही, बाजूला. मला मधोमध जागा क—