सुतारपक्ष्याला आठवड्यातून एकदा तेल

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नसल्यामुळे सध्या अर्धाच घातला आहे, उरलेला भेटीत वसूल करून घ्या).

मामींची कंबर कशी आहे? तुमचा मोतीबिंदू काढला का, की अजून 'पिकू दे, पिकू दे' म्हणत चालढकल चालली आहे? इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत. म्हणजे मी ठणठणीत आहे आणि हे माझ्या ठणठणीतपणाला कंटाळले आहेत.

तुमचं पत्र मिळालं. दोनदा मी वाचलं, तिसऱ्यांदा यांनी मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. मामा, तुम्ही लिहिता की या महिनाअखेर बाइंडिंगचं दुकान बंद करताय, आणि त्याआधी एकेचाळीस वर्षांपूर्वीची चूक निस्तरायची आहे. म्हणून माझं पक्ष्यांचं पुस्तक पाठवून द्यायचं, तुम्ही ते आणि त्या शिंप्याचं पुस्तक दोन्ही उसवणार, ज्याचं त्याला नीट शिवून देणार, नाहीतर तुम्हाला तोंड दाखवायला जागा नाही. तर स्पष्टच सांगते, पुस्तक मिळणार नाही. (लगेच रागावू नका. रागवायचंच असेल तर शेवटी रागवा, तोपर्यंत तुमचा चहा होईल.)

तुम्हाला फक्त चूक दिसली, त्या चुकीचं पुढे काय झालं ते दिसलं नाही, म्हणून सांगते. मी दहा वर्षांची. तुम्ही माझ्या वाढदिवसासाठी रद्दीतून ते पुस्तक उचललंत आणि नव्याने शिवायला टेबलावर सुटं केलंत. त्याच दिवशी त्या शिंप्याने शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं पुस्तक बांधायला टाकलेलं. आकार एक, कागद एक, आणि तुमच्या अंगात ताप. पक्ष्यांचा पहिला अर्धा भाग, त्यामागे मशीनचा दुसरा, असं माझ्या पुठ्ठ्यात बसलं आणि उरलेलं सगळं शिंप्याच्या पदरात पडलं. पानांचे आकडे एकशे बारावरून एकदम सत्त्याण्णववर घसरतात, पण दहा वर्षांच्या पोरीला वाटतं, मोठ्या माणसांनी छापलंय म्हणजे काहीतरी कारण असेल. (ही समजूत पुढे लग्न होईपर्यंत टिकली.)

एकशे बाराव्या पानावर शेवटचं वाक्य असं आहे की सुतारपक्षी खोडावर ठोके देऊ लागला की, आणि पुढच्या पानावर, दांडा खालीवर होताना जड वाटल्यास आठवड्यातून एकदा तेलाचा एक थेंब सोडावा. मी ते सरळ एका दमात वाचलं. किती काळजी घेतात लोक पक्ष्यांची, असं वाटून माझे डोळे भरून आले. नुसतं वाटून थांबले असते तरी चाललं असतं, पण मी ते सहामाही परीक्षेत लिहिलं. बाईंनी उत्तर वर्गात वाचून दाखवलं. पोरं बाकावर लोळली. घरी येऊन मी पुस्तक पुन्हा नीट उघडलं, शिवण तपासली, आणि मला कळून चुकलं की ही दोन पुस्तकं आहेत. तुम्हाला मात्र एका शब्दाने बोलले नाही. तुम्ही ते दुरुस्त करायला घेऊन जाल याची मला तेव्हाही धास्ती होती, आणि तोवर मी मागच्या भागात मशीनच्या शटलपर्यंत पोचले होते. मध्येच कसं सोडणार?

मग आईचं मशीन अडकलं. दुरुस्तीवाला आठ दिवस फिरकला नाही. मी एका दुपारी पुस्तक मांडीवर घेऊन ते उघडलं, खालचे दाते साफ केले, बॉबिनची पेटी फिरवून बसवली, तेल सोडलं आणि चाक फिरवलं, तर ते चाललं. आई आधी ओरडली, मग तिने शेजारणीला बोलावलं, मग शेजारीण आपलं मशीन घेऊन आली. मामा, तुम्ही विचार करा. मुलीला वाढदिवसाला मशीन दुरुस्तीचं पुस्तक कुणी दिलं असतं का? शहाण्या माणसाने तर नाहीच. तुम्हाला त्या दिवशी ताप होता, त्या तापाचे माझ्यावर उपकार आहेत. आज कारखान्यात चौसष्ट मशीनं माझ्या हाताखाली आहेत. मागच्या वर्षी नवे मॅनेजर आले, म्हणाले, मेकॅनिकला पाठवा. मी जाऊन उभी राहिले, तर ते माझ्या पाठीमागे बघत बसले. बराच वेळ बघत होते बिचारे.

आता पहिल्या अर्ध्या भागाचं सांगते. लेखकाने पक्षी मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने लावले होते, त्यामुळे गिधाडापासून सुतारपक्ष्यापर्यंत माझ्यापुढे कुणाची टाप नाही. सुतारपक्ष्याच्या खाली मात्र अंधार. नंतर पुस्तकं आणली नाहीत असं नाही, कपाट भरलंय (हे म्हणतात, कपाट नव्हे, घर). पण पुढे वाचलेलं डोक्यात शिरतं, दहाव्या वर्षी वाचलेलं हाडात शिरतं. गेल्या हिवाळ्यात पक्षी बघणाऱ्या मंडळींबरोबर सकाळी फिरायला गेले. आभाळात ठिपक्याएवढी दिसणारी घार मी नुसत्या शेपटीवरून सांगितली, आणि सगळे माझ्याकडे आदराने बघू लागले. तेवढ्यात समोरच्या कुंपणावर अंगठ्याएवढं काहीतरी येऊन बसलं. बारा माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत. मी हळूच म्हटलं की त्याला त्रास देऊ नका, विश्रांती घेतोय. सगळे पाऊल न वाजवता मागे सरकले. पुन्हा त्या मंडळींत जायचं माझं धाडस झालेलं नाही.

आणि याच महिन्यातली गोष्ट. कारखान्याच्या खिडकीबाहेरच्या झुडपावर एक इवलासा पक्षी दोन पानं शिवत होता, तेसुद्धा आमच्याच कटिंग टेबलाखालच्या दोऱ्याने. मी टाका तपासला. (एकसारखा नव्हता, पण पक्का होता.) तो शिंपी पक्षी, हे मला काजं करणाऱ्या मुलीने सांगितलं. सव्वीस वर्षं शिलाईच्या धंद्यात, आणि धंद्यातलाच माणूस ओळखू आला नाही! हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून मी खिडकीशी उभी राहिले. मशीनला असो की पाखराला, इतकं निरखून बघायची सवय मला कुणी लावली? तुमच्या त्या दोन अर्ध्या पुस्तकांनी. मशीनचं नीट ऐकायचं, मग हात लावायचा. पक्ष्याकडे नीट बघायचं, हात लावायचाच नाही. एवढ्या दोन गोष्टींवर माझं आयुष्य छान चाललंय.

तुम्ही लिहिलंय की तो शिंपी पुस्तकाला नवा पुठ्ठा लावून घ्यायला आला तेव्हा चूक उघडी पडली, आणि इतकी वर्षं बोलला का नाहीस असं विचारल्यावर तो म्हणाला, "पोटापुरतं मशीन पहिल्या भागात आलं होतं. पुढचं वाचायला छान वाटायचं." मामा, हे ऐकूनही तुम्हाला लाज वाटते? आयुष्यभर तुम्ही हजारो पुस्तकं बरोबर बांधलीत, त्यातल्या एकाचाही मालक आज तुम्हाला चार पानी पत्र लिहीत नाहीये. मी लिहितेय. तुमच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तुम्ही उसवायला निघालात.

मामींना नमस्कार. डोळ्यांचं तेवढं मनावर घ्या.

तुमची भाची

ता. क. हे पत्र यांना दाखवलं. म्हणाले, ऐंशी वर्षांचा माणूस शेवटचं एक काम मागतोय आणि तू त्याला चार पानं भरून नाही म्हणतेयस. मग मी कपाटातून पुस्तक काढलं. तर रविवारी पुस्तक घेऊन मी स्वतः येते. त्याची पाठ फाटली आहे, मीच कारखान्याच्या काळ्या दोऱ्याने टाके घातलेत (बघून हसू नका). शिवणीला हात न लावता नवा पुठ्ठा चढवा, आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत दोन्ही पुस्तकांची नावं घाला. शेवटचं काम म्हणून एवढं माझं करा.

आणखी ता. क. त्या शिंप्यालाही रविवारी दुकानात बोलवा. चिमणीएवढे आणि त्याहून लहान सगळे पक्षी त्याच्याकडे आहेत. शिवाय त्याला मशीनच्या दुरुस्तीचा पुढचा भाग कुणी सांगितलेलाच नाही, ते मी बघते.

अगदी शेवटचं. तुम्ही उतावीळ आहात हे मला ठाऊक आहे, त्यामुळे त्याचं पुस्तक एव्हाना तुम्ही उसवायला घेतलं असेल. घेतलं असलं तर मला सांगू नका. मी यायच्या आत गुपचूप परत होतं तसं चुकीचं शिवून ठेवा.